दगडावरची तालीम

फार वर्षांमागे नदीकाठच्या कुरणात एवढ्या म्हशी चरायच्या, की प्रत्येक बगळ्याला बसायला एक हक्काची पाठ मिळायची. म्हैस चालली की गवतातले किडे उडायचे आणि बगळ्याचं पोट बसल्या जागी भरायचं.

धवळ्याने ते दिवस पिल्लू असताना पाहिले होते. बापाच्या म्हशीच्या अंगाला येणारा ओल्या चिखलाचा वास त्याला अजून आठवायचा. पुढे दुष्काळ आला, म्हशी विकल्या गेल्या आणि एकच उरली. एका किड्यासाठी दिवसभर बांध तुडवावे लागू लागले.

मग कुरणात नवी रीत पडली. तरुण बगळ्यांनी दगडावर बसून तोल सांभाळायची तालीम करायची. ती पुरी झाली की म्हैस मिळेल, असं म्हातारे सांगायचे. उरलेल्या म्हशीवर तेच दाटीवाटीने बसलेले असायचे.

एक दिवस धवळ्या दगडावरून उतरला. "गेनूकाका, उपाशीपोटी शिकायचं, पण म्हैस आहे कुठे?"

"आम्ही कष्टाने मिळवली," काका म्हशीच्या पाठीवरूनच म्हणाले. "तुमच्या पिढीचं बूडच स्थिर नाही."

"कष्ट कसले? अंड्यातून निघालात तेव्हा ती तुमच्यासाठी उभीच होती."

थोड्याच दिवसांत तीही विकली गेली. गेनूकाका दगडावर येऊन बसले आणि घसरले. त्यांनी ही तालीम कधी केलीच नव्हती. धवळ्याने पंख पुढे करून त्यांना सावरलं.

"टोचतो रे हा," काका म्हणाले. "म्हैस कशी मऊ होती."

"होती," धवळ्या म्हणाला. त्यालाही चिखलाचा वास आल्यासारखं झालं. "पण आमच्या वेळी हा दगडच होता, काका."