फुलवालीचं गंगावन

शेवंतीच्या मळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक फुलवाली राहायची. गजरे ती सुरेख करायचीच, पण गावभर बोलबाला होता तो तिच्या आंबाड्याचा. नव्या सुना गजरा घेताना म्हणायच्या, "मावशी, असा आंबाडा आमचा कधी व्हायचा?" फुलवाली नुसती हसायची. कौतुकाची चटक लागली की सुटता सुटत नाही.

एका वर्षी तापाने तिला अंथरुणाला खिळवलं. ताप उतरला, पण काही महिन्यांनी केस गळू लागले. फणी फिरवली की मूठभर गुंतवळ हातात यायचं. चार बायकांना विचारावं, वैद्यांना दाखवावं, तर ते नाही! गळालेले केस विकत घेणारी केसवाली गावात यायची. त्याच केसांची ती खोटी वेणी करायची. तिला गंगावन म्हणतात. फुलवालीने गुपचूप एक गंगावन घेतलं आणि उरल्यासुरल्या केसांत अडकवून आंबाडा घट्ट आवळला. त्या ओढीने कपाळावरचे केसही जाऊ लागले, तशी ती आणखी आवळू लागली.

अशात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ पालथं पडू लागलं आणि लेकीचेही केस गळायला लागले. ती घाबरली.

"आई, माझ्या वेळी तुझेही असेच गेले होते का गं?"

गेले होते. भरपूर गेले होते आणि वर्षभरात परत आलेही होते. पण ते बोललं तर लेक आपल्या डोक्याकडे निरखून पाहील, अशी फुलवालीला धास्ती वाटली.

"छे गं! माझा एक केस गेला नाही," ती म्हणाली.

म्हणजे खोट आपल्यातच, असं लेकीने मनाशी धरलं. गळालेले केस ती केसवालीसाठी वळचणीला खोचून ठेवायची. इकडे फुलवालीचं गंगावन विरळ झालं होतं. काय करावं या बाईने? वळचणीचे लेकीचे केस काढले, विंचरले आणि आपल्या गंगावनात गुंफले.

लेकीने देवीला साकडं घातलं आणि कडक उपास धरले. केस तर थांबले नाहीतच, वर दूधही आटलं. बाळ आधी दिवसभर रडायचं, मग रडेनासं झालं.

ते निपचित बाळ बघून फुलवालीने लेकीपुढे भाकरी ठेवली. "बाई गं, दोन घास खा!"

"कशाला?" लेक म्हणाली. "मी मेली करंटीच आहे. तुझ्यासारख्या आईच्या पोटी मीच अशी कशी निपजले?"

फुलवालीने दार लावलं आणि आंबाडा सोडला. गंगावन लेकीच्या मांडीवर ठेवलं. कपाळ पार मागेपर्यंत उघडं पडलं होतं.

"तुझ्या वेळी माझेही गेले होते, बाळा. परत आले होते. आत्ताचे तापाने गेले, आणि कपाळावरचे मी ओढून ओढून घालवले. आणि यातले वरचे केस तुझे आहेत. मीच घेतले."

लेकीने गंगावनातले आपले केस बोटांनी वेगळे केले. मग म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

लेकीने भाकरी ओढून घेतली आणि रडत रडत खाल्ली.

हळूहळू दूध पुन्हा येऊ लागलं. बाळ वाचलं, पण पुढे कायम अशक्तच राहिलं. वैद्यांच्या सल्ल्याने लेक नीट जेवू लागली आणि सावकाश तिचे केस परत आले. फुलवालीचे कपाळावरचे केस मात्र आले नाहीत. आता ती तशाच डोक्याने गजरे विकते आणि नव्या बाळंतिणींना विचारायच्या आधीच सारं सांगते. लेक माहेरी येते, आईच्या हातचं जेवते. पण आईने काही सांगितलं की आधी तिच्या तोंडाकडे बघते, आणि मग ते दुसऱ्या कुणाला तरी विचारून येते.

तात्पर्य: आपलं दुःख लाजेपोटी झाकलं, तर आपल्याच माणसाला वाटतं की हे दुःख जगात फक्त त्याच्याच वाट्याला आलं आहे.