बर्फाखालच्या उष्णतेला नावं ठेवणारा सटवाजी

बोरखेडी गावात सटवाजी नावाचा एक भोळा आचारी होता. लोक त्याला मूर्खच म्हणत, पण त्याच्या हातचं पिठलं खाऊन झाल्यावर म्हणत.

संशोधन करणाऱ्या शरयूबाई बर्फाच्या मुलखात निघाल्या, तेव्हा स्वयंपाकाला त्यांनी सटवाजीला घेतलं. निघताना आई म्हणाली, "बाळा, गावाचं नाव काढ हो." सटवाजी आज्ञाधारक. त्यानं वेशीवरची 'बोरखेडी' लिहिलेली पत्र्याची पाटी काढली आणि वळकटीत बांधली. त्या दिवसापासून एसटी गावात थांबेना.

बर्फावर पोचल्यावर बाईंनी पाटी पाहिली, कपाळावर हात मारला आणि त्या कामाला लागल्या. जाडजूड बर्फाला तळापर्यंत भोक पाडायचं, तापमापक खाली सोडायचा आणि जमिनीतून किती ऊब वर येते ते मोजायचं. तळाशी त्या उबेनं बर्फाचं पाणी झालेलं. मोजणं तसं सोपं. पण या उबेला कोणी भूताप म्हणे, कोणी तळऊब, कोणी नुसतीच उष्णता. एकाचे आकडे दुसऱ्याला कळेनात. मग जगभरच्या शहाण्यांची समिती बसली. बरीच वर्षं बसली आणि उठली ती एक नाव घेऊन: 'बर्फाच्या थराखालच्या जमिनीतून वर येणारी उष्णता'. हेच नाव लावा, नाहीतर मोजणी बाद. समितीचे साहेब तपासायला यायचे होते. त्यांनी नाक मुरडलं की बाईंची सगळी मेहनत पाण्यात.

"कुठलंही नाव अर्धं घ्यायचं नाही," बाईंनी बजावलं. "कशातून येतं, कुठे जातं, सगळं सांगायचं."

सकाळी सटवाजी तंबूच्या दारात उभा राहिला. "बाई, स्टोव्हवरच्या पातेल्यातून गाळणीमार्गे कपात खाली येणारा, आलं घातलेला..."

चहा म्हणेपर्यंत चहाचा बर्फ झाला.

"अरे, घरातल्या गोष्टीला एक शब्द पुरे!"

"बरं."

संध्याकाळी स्वयंपाकाचा तंबू पेटला. सटवाजी धावत आला. "उष्णता!"

"कुठली?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

सटवाजीनं नुसतं तंबूकडे बोट दाखवलं. त्याचा एक शब्द बोलून झाला होता.

तंबू गेला. ओरडून ओरडून बाईंचा घसाही गेला. आणि नेमके साहेब आले. साहेब आपल्याकडचेच, मराठी बोलणारे होते, म्हणजे त्यांना सगळं कळणार होतं. बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सटवाजी, साहेबांसमोर माझ्या मोजण्यांना नावं ठेव. एकही सोडू नकोस."

सटवाजी खुलला. हे त्याला येत होतं. त्याच्या आत्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं.

"ही कसली उष्णता, साहेब? हिच्यावर पापडसुद्धा भाजायचा नाही. ही दुसरी तर हिच्याहून मिळमिळीत. आणि ही तिसरी! हिला वर यायलाच आळस."

साहेबांनी भुवया उंचावल्या. तरी माणूस भला. म्हणाले, "बाई, तापमापक वर काढा. आकडा बरोबर निघाला तर मंजूर करतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्या सटवाजीकडे वळल्या. "गाढवा, गावाचं नाव बुडवलंस तू!"

सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो बाई, अजून नाही. पण तुम्ही म्हणता तर..."

त्यानं वळकटीतून पाटी काढली. भोकावर धरली. जाईना. गुंडाळली. गेली. खूप वेळानं खालून काच फुटल्याचा आवाज आला.

"हे काय होतं?" साहेब ओरडले.

सटवाजीनं हात जोडले. या वेळी त्यानं नाव मुळीच अर्धं घेतलं नाही.

"बर्फाच्या थराखालच्या पाण्यात वरून खाली गेलेली बोरखेडी, साहेब."