न झोंबणारा कांदा

एक होता राजा. त्याचा राजवाडा एवढा मोठा, की एका टोकाला मारलेली हाक दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दमून जायची. पण राजाचा जीव कुठे, तर मुदपाकखान्यात. मुदपाकखाना म्हणजे राजाचं स्वयंपाकघर, बरं का. तिथे राणी असायची. आचारी पन्नास होते, तरी लेकीची काकडी ती स्वतः कापायची. रोज सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसायची आणि आपली लहानशी काळी सुरी त्या पायरीच्याच दगडावर घासायची. स्सर्र, स्सर्र. मग काकडीच्या चकत्या करायची, अगदी पातळ. तिची लेक कुमुद एकेक चकती डोळ्यापुढे धरायची, तिच्यातून सूर्य बघायची आणि मग खायची.

मग काय झालं, राणी आजारी पडली आणि गेली.

थोड्या दिवसांनी एका आचाऱ्यानं सुरीला धार लावायला घेतली. स्सर्र. राजानं तो आवाज ऐकला आणि तिथल्या तिथे हुकूम काढला. राज्यात कुणी सुरीला धार लावायची नाही. लावेल त्याला वेशीबाहेर घालवू. धारेचे सगळे दगड गोळा केले आणि विहिरीत टाकले. "पोरीचा हात कापेल, म्हणून," राजा म्हणाला. लोकांनाही पटलं. लेकरांच्या घरात बोथट सुरी बरी, असंच सगळ्यांना वाटायचं.

मग दोन महिने गेले. सुऱ्या बोथट झाल्या. पिकलेल्या टोमॅटोचा चेंदा व्हायचा. काकडीचे ओबडधोबड तुकडे कुमुदच्या ताटात पडायचे. आधी तिनं काकडी सोडली, मग भाजी सोडली, मग भातही सोडला. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. वैद्य आले, तीन काढे झाले, पोर काही जेवेना.

आणि राजा? राजा रोज दुपारी मुदपाकखान्यात यायचा, एक सुरी घ्यायचा आणि कांदे चिरत बसायचा. बोथट सुरीनं कांदा चिरला जात नाही, चेंगरतो, आणि डोळ्यांना असा झोंबतो की विचारू नका. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

"कांदा फार तिखट आहे," राजा म्हणायचा.

"होय महाराज, यंदाचा कांदा तिखटच," सगळे म्हणायचे.

अशात तिथे एक नवी बाई कामाला आली. द्वारकाबाई तिचं नाव. पन्नाशीची, बोलणं मोजकं. थोरले आचारी तात्या तिला भांडी दाखवायला आले, तर त्यांच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"तात्या, बोटांना काय झालं?"

"सुरी लागली. चौथं बोट उद्यासाठी ठेवलंय."

"बोथट सुरीला जोर लावावा लागतो, म्हणून ती घसरते. धारेची सुरी सांगितल्या जागीच उतरते."

"हळू बोला, बाई. वेशीबाहेर जायचंय का?"

तेवढ्यात कुमुद भिंत धरत धरत गेली. द्वारकाबाईनं तिच्या बांगड्या पाहिल्या. मग म्हणाली, "जावं लागलं तर जाईन. पोर जेवली पाहिजे."

आता द्वारकाबाईची एक गंमत होती, बरं का. ती सुरी कानाशी धरायची आणि सुरी तिच्याशी बोलायची. आधी तिनं सोन्याच्या मुठीची सुरी उचलली. सुरी म्हणाली, "मला भाजीला लावू नकोस, माझी मूठ डागाळेल." ठेवली खाली. मग हातभर लांब सुरी उचलली. ती म्हणाली, "काकडी? मी कोहळ्याखेरीज कुणाशी बोलत नाही." तीही ठेवली.

तिसरी सुरी आणली कुमुदनं. उशीखालचं गाठोडं आणलं, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. आत राणीची काळी सुरी, पार गंजलेली. द्वारकाबाईनं हातात घेतली. फार जड नाही, फार हलकी नाही, मूठ बोटांत अशी बसली की हाताचंच सहावं बोट. कानाशी धरली तर सुरी म्हणाली, "माझं पोलाद चांगलं आहे गं. पण ही पोर मला पोटाशी धरून रडते. आसवांत मीठ असतं. मीठ लागलं की लोखंड गंजतं."

तसं एक गाठोडं द्वारकाबाईच्याही पेटीत होतं.

मग तिनं चिंच आणि राख लावून गंज काढला. पण धार कशावर लावणार? दगड तर सगळे विहिरीत. कुमुदनं पायरीकडे बोट दाखवलं. घासून घासून पायरीला खळगा पडला होता. पायरी कोण विहिरीत टाकणार?

द्वारकाबाईनं पायरीवर पाणी शिंपडलं. सुरी जवळजवळ आडवी धरली, पाठ एका नाण्याच्या जाडीइतकीच उचलली. मुठीपासून टोकापर्यंत, दहा वेळा या बाजूनं, दहा वेळा त्या बाजूनं. स्सर्र, स्सर्र.

राजवाडा चिडीचूप झाला. मग पावलं वाजली. दारात राजा.

"हुकूम ठाऊक नाही का?"

द्वारकाबाई उठून उभी राहिली. "ठाऊक आहे, महाराज. मी निघते. त्याआधी तुमचा रोजचा कांदा तेवढा चिरून घ्या." आणि तिनं सुरी पुढे केली.

राजानं सुरी ओळखली. तो लाकडी पाटापुढे बसला. सुरी कांद्यावर टेकवली, तर ती आपसूक खाली उतरली. एक कांदा झाला, दोन झाले, तीन झाले. तात्यांचे डोळे कोरडे, द्वारकाबाईचे कोरडे. राजाचे मात्र वाहत होते.

"कांदा फार तिखट आहे," राजा म्हणाला.

या वेळी कुणी होय महाराज म्हटलं नाही. कुमुदनं कांद्यावर वाकून डोळे मोठ्ठे केले. "बाबा, मला तर झोंबत नाही."

राजानं सुरी हळूच खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या आईची आठवण येते."

"मला पण," कुमुद म्हणाली आणि त्याच्या मांडीवर जाऊन बसली. मग दोघं रडली. भरपूर रडली. रडून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, भूक लागली."

द्वारकाबाईनं काकडी पुढे केली. राजाची पहिली चकती जाड झाली. दुसरी तिरकी झाली. तिसरी कुमुदनं डोळ्यापुढे धरली, तिच्यातून सूर्य बघितला आणि खाल्ली. मग जाडी आणि तिरकीसुद्धा खाल्ली.

हुकूम मागे घेतला, विहिरीतून दगड वर आले. द्वारकाबाई तिथेच राहिली. तिनं कुमुदला शिकवलं, की सुरी वापरली की लगेच धुवायची, कोरडी पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि तिच्या खुंटीला अडकवायची. कुमुद तसंच करते. आणि रडू आलं तर ते सुरीला लागू देत नाही. बाबांच्या खांद्यावर रडते. खांदा काही गंजत नाही.

अशी ती सगळी पोटभर जेवून सुखानं राहिली, आणि तात्यांची दहाही बोटं बरी झाली. चला, आता पांघरुणं घ्या. पाय सरळ करा. झोपा.