चौथा थर

“मग चौथ्या थराला हात कोणी लावला, तात्या?”

“मीच लावला. मीच बसवला की तो.”

“बसवल्यानंतरचं विचारतोय. मोजणी सुरू व्हायच्या आदल्या दुपारी तुम्ही इथं एकटे होता.”

“होतो.”

“काय करत होता?”

“बसलो होतो.”

“तीन तास?”

“गुडघे धरलेत. एकदा बसलो की उठवत नाही.”

डॉक्टर मयूरेश गद्रेला हे उत्तर पटलं नाही. त्या आठवड्यात त्याला कुणाचंच काही पटत नव्हतं. झाडूवालीला त्यानं दोनदा विचारलं होतं, बादली कुठं टेकवलीस म्हणून. पहारेकऱ्याची वही वाचून काढली होती. उंदरांवरसुद्धा संशय घेऊन झाला होता.

आता उरला होता म्हातारा.

नरसय्या येमूल खाली मांडी घालून बसला होता आणि प्लास्टिकच्या धाग्याचं टोक बारीक कागदावर घासत होता. गोल गोल. घासायचं, बोटाच्या पेरानं चाचपायचं, पुन्हा घासायचं. सोलापुरात पंधरा वर्षं हातमागावर गेली होती त्याची. माग बंद पडला तेव्हा इथं आला. मोठमोठे शिकलेले लोक ज्या धाग्यापुढं हात टेकत, तो ह्याच्या बोटाखाली गुमान झोपायचा.

मयूरेशही त्याच्याच हाताखाली शिकला. परदेशातून डॉक्टर होऊन आला तेव्हा धागा कसा धरायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता तो विसरला होता, किंवा विसरल्यासारखं करत होता.

डोंगराच्या पोटात एक जुना बोगदा, त्यात ही प्रयोगशाळा. मधोमध लोखंडी घोडा, मांडणीसारखा उंच. घोड्यावर एकावर एक सहा थर, वीतभर अंतर सोडून, काळ्या कागदात गुंडाळलेले. एकेका थरात सहाशे चाळीस धागे, शेजारी शेजारी चिकटवलेले. धागा मिलिमीटरभर जाड.

आकाशातून कण येतो, डोंगर भेदून खाली उतरतो, ज्या धाग्यातून जाईल तो धागा क्षणभर लुकलुकतो. सहा थरांतले सहा धागे रेघेनं जोडले की कणाची वाट कळते. आणि तो कण सरळ जातो. माणसासारखा वळणं घेत नाही.

पाच थर म्हणत, वाट इथून गेली.

चौथा म्हणे, तीन धागे अलीकडून गेली.

रोज. प्रत्येक कणाला.

सोमवारी बाहेरची समिती येणार होती. आज शुक्रवार. समितीपुढं पाच थर एक बोलतात आणि एक भलतंच बोलतो, असं चित्र न्यायचं नाही हे मयूरेशनं ठरवून टाकलं होतं. चौथा काढायचा.

काढायचा म्हणजे तोडायचा. धाग्यांची टोकं बाहेर काढून खाचांत गोंदानं पक्की केलेली. पातं फिरलं की सहाशे चाळीस टोकं गेली. चार महिने एकेक धागा बसवून तात्यानं तो थर केला होता. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुसरा थर त्याच्या हातून होणार नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

मयूरेशच्या खिशात संचालकांच्या नावानं एक चिठ्ठी होती. ती अजून दिलेली नव्हती.

“गणितात तीन धागे वजा कर की,” तात्या म्हणाला. “संपलं.”

“आज तीन आहेत. उद्या चार होतील. हललेल्या थराचा भरवसा काय?”

“हलतोय अजून?”

मयूरेश चौथ्या थराचा काळा कागद चाचपू लागला.

“विचारतोय मी. पहिल्या दिवशी किती होते?”

“…तीन.”

“काल?”

“तीन.”

“थर भारीच शहाणा दिसतोय. एकदाच हलला आणि उभा राहिला.”

मयूरेशला ते झोंबलं. म्हातारा बोलण्यात गुंतवतोय, त्याच्या मनात आलं. काहीतरी लपवायचं असलं की माणूस असाच गोड प्रश्न विचारतो.

“तात्या, पाच थर एक सांगतात. पाच. एकमेकांशी केसाचा फरक नाही त्यांच्यात. आणि तुमचा एकटा—”

“माझा होय? आत्तापर्यंत प्रयोगशाळेचा होता.”

तात्यानं घासायचा कागद बाजूला ठेवला. पेटीत हात घातला, चाचपून पातं काढलं आणि मूठ पुढं करून मयूरेशला दिलं.

“घे. काप.”

मयूरेशनं पातं घेतलं… आणि थांबला. हे असं सहज कसं दिलं? चार महिन्यांचं काम, आणि म्हातारा तोंडसुद्धा वाकडं करत नाही. सोमवारी समितीपुढं उभा राहून म्हणणार असेल, ‘मी नको नको म्हणत होतो, ह्यानं कापलं.’

“तुम्ही थांब का म्हणत नाही?”

“म्हटलं तर थांबणारेस?”

“नाही.”

“मग काप की. कापता कापता बोलू. पहिला थर कुणी बसवला?”

“आपण दोघांनी. फरशीतल्या पितळी खिळ्यावर खूण धरून.”

“दुसरा?”

“मी. पहिल्यावर गुण्या उभा केला, त्याच्या उभ्या कडेशी दुसऱ्याची खूण जुळवली.”

“तिसरा?”

“तसाच. दुसऱ्यावर गुण्या लावून.”

गुण्या मयूरेशचा स्वतःचा. परदेशातून आणलेला, मखमलीच्या डबीत ठेवलेला. गवंड्याच्या गुण्यासारखाच काटकोन, पण किंमत गवंड्याच्या घराएवढी. दुसऱ्या कुणाला तो डबी उघडू देत नसे.

“चौथा?”

“चौथा तुम्ही बसवलात. मी बंगळूरला गेलो होतो.”

“कशावर बसवला?”

“तिसऱ्यावर. आणखी कशावर बसवणार?”

“तिसऱ्याला मी विचारलंच नाही,” तात्या म्हणाला. “वरून दोरी सोडली, खाली खिळा बघितला, बसवला. तुझी डबी तू घेऊन गेला होतास.”

“हे मला सांगितलं नाहीत.”

“तू विचारलं नाहीस. आल्या आल्या पाचवा बसवायला घेतलास. तो कशावर बसवलास?”

पातं मयूरेशच्या बोटांत होतं. ते धाग्याला टेकलेलं होतं, पण पुढं जात नव्हतं.

“तिसऱ्यावर.”

“चौथा मधे असताना?”

“हो.”

“त्याच्यावरून उडी मारलीस.”

“हो.”

“का बरं?”

“…भरवसा नव्हता.”

“कुणाचा?”

मयूरेशनं पातं धाग्यावरून उचललं आणि बाजूला ठेवलं.

मग तात्यानं पेटीतून ओळंबा काढला आणि फरशीवर ठेवला. मागाच्या दोरीला बांधलेलं जुनं शिसं.

“मी सोडतो,” मयूरेश झटकन म्हणाला. “तुम्ही लांब बसा.”

“बसलोच आहे.”

त्यानं तात्याच्या ओळंब्याला हात लावला नाही. कोठारातून स्वतः नवी दोरी आणली, स्वतः निवडलेला लोखंडी नट बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. दोरी घोड्याच्या वरच्या दांडीला अडकवली आणि नट बरोबर पितळी खिळ्यावर येईपर्यंत सरकवत राहिला. मधेच मागं वळून बघे, म्हातारा जागचा हललाय का ते.

म्हातारा हलला नव्हता. डोळे मिटून बसला होता.

नट हळूहळू थांबला.

मयूरेश गुडघ्यावर बसला. प्रत्येक थराच्या चौकटीच्या कोपऱ्यात एक खूण होती. दोरीपासून ती किती लांब आहे, पट्टी लावून बघू लागला.

पहिला… दोरी खुणेवर.

दुसरा… एक धागा बाहेर.

तिसरा… दोन.

चौथा…

त्यानं पट्टी पुसली आणि पुन्हा लावली.

चौथा… दोरी खुणेवर.

पाचवा… चार. सहावा… पाच.

त्यानं पट्टी खाली ठेवली. मग उठला, मखमलीची डबी उघडली, गुण्या काढला आणि दोरीशेजारी उभा धरला. वीतभर उंचीला धागाभर कललेला. मागच्या श्रावणात हा गुण्या शिडीवरून खाली पडला होता. मयूरेशनं तो पुसला होता, फुंकर घातली होती आणि परत डबीत ठेवला होता. कुणी बघितलं नाही ना, एवढंच तेव्हा बघितलं होतं.

चौथा सोडून पहिल्यावरचे सगळे थर ह्याच एका गुण्यानं लावलेले. प्रत्येक वितीला थर धागाभर सरकलेला. सारखाच सरकलेला, म्हणून त्यांच्यातून जाणारी रेघ सरळच यायची. सरळ, आणि कललेली. दोन महिन्यांतल्या सगळ्या कणांच्या वाटा कललेल्या.

पहिल्याच्या बरोबर डोक्यावर सरळ उभा होता तो एकटा चौथा.

मयूरेशनं पातं पेटीत ठेवलं. खिशातून चिठ्ठी काढली आणि तात्यापुढं धरली.

“हे काय?”

“वाचा.”

“डोळ्यांना दिसतंय कुठं? तूच वाच.”

आता वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मयूरेशनं चिठ्ठी उलगडली.

“‘माननीय संचालक… श्री. नरसय्या येमूल यांचे वय व दृष्टी पाहता… त्यांच्या हातून उपकरणास धक्का लागला असण्याची दाट शक्यता… सबब त्यांना यापुढे उपकरणाजवळ जाऊ देऊ नये…’”

तिथं त्यानं चिठ्ठी खाली केली.

“दृष्टीचं खरं लिहिलंयस,” तात्या म्हणाला.

मयूरेशनं चिठ्ठीचे तुकडे केले. ते टाकायचे कुठं, हे काही त्याला सुचेना. मुठीतच धरून तो तात्यापुढं बसला. एवढा परदेशात शिकलेला माणूस, पण फरशीवर बसताना त्यानं फरशी झटकली नाही.

“तात्या, चुकलो मी.”

“हं.”

“कललेले चारही थर गणितात मागं घेतो. सोमवारी समितीला सांगतो, चूक माझ्या गुण्याची. तुमचं नाव घेऊन सांगतो.”

“सांग.”

“आणि एक. आजपासून तुम्ही म्हणाल ते खरं. दोरी नाही, पट्टी नाही, काही नाही. तुम्ही जसं लावाल त्यावर मी पुढचं लावीन. तपासणारसुद्धा नाही.”

सकाळपासून संशय ऐकून घेतला, चिठ्ठी ऐकून घेतली, तरी तात्याचा आवाज चढला नव्हता. आता त्याच्या कपाळावर आठी पडली. घासायचा धागा त्यानं खाली ठेवला. हात लांब करून घोड्याच्या वरच्या दांडीकडं, सहाव्या थराच्याही वर, बोट दाखवलं.

“न तपासता खालच्यावर बसायचं? मग सातवा थर तूच. चढ वर.”