केरबाचा राहिलेला प्रश्न

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा कल्हईवाला राहत होता. तो भांड्यांना कल्हई करायचा आणि त्याची बायको हौसाबाई भाता ओढायची. गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विज्ञानाचं मोफत व्याख्यान असे. केरबानं एकही चुकवलं नाही. हातांची काजळी घासून, धुतलेला सदरा घालून तो मागच्या बाकावर बसे आणि ऐकलेलं सगळं घरी येऊन हौसाबाईला सांगे. चंद्राला स्वतःचा उजेड नसतो, हे तिला त्याच्याकडूनच कळलं होतं.

एक प्रश्न मात्र त्याच्या मनात घर करून होता. भांडं घासून लख्ख केलं तरी नवसागराची पांढरी पूड टाकल्याशिवाय त्यावर कल्हईचं कथील धरत नाही, असं का? दर वेळी तो विचारायचं ठरवून जाई आणि परत येऊन म्हणे, "आज जीभच उचलली नाही बघ. पुढच्या खेपेला विचारतो."

पुढची खेप आली नाही. उन्हाळ्यात केरबा गेला. भाता थंड पडला.

काही महिन्यांनी वाचनालयाच्या फलकावर धातूंवरचं व्याख्यान लागलं. हौसाबाई जाऊन केरबाच्या जागेवर बसली. बोलायला शहरातून एक तरुण प्राध्यापिका आल्या होत्या. शेवटी त्यांनी शंका विचारायला सांगितलं, तेव्हा नेहमीप्रमाणे लोक चहासाठी उठू लागले. हौसाबाईही उभी राहिली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मावशी, चहा बाहेर आहे."

"चहाला नाही आले," ती म्हणाली आणि तिनं केरबाचा प्रश्न विचारला.

प्राध्यापिकांचा चेहरा खुलला. त्यांनी फळ्यावर भराभर सूत्रं लिहिली. लोकांनी माना डोलावल्या. हौसाबाईला त्यातलं काहीच उमगलं नाही. मान हलवून खाली बसणं सोपं होतं. पण उत्तर घरी न्यायचं होतं.

"बाई, मला नाही कळलं. परत सांगा."

काही जण हसले. प्राध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी फळा पुसला आणि तिच्या बाकापाशी आल्या.

"मावशी, तांब्याचं भांडं कितीही घासा, तापलं की हवेमुळे त्यावर पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. नवसागर ती साय खातो. मग कथील उघड्या तांब्याला बिलगतं."

"म्हणजे हातांना ठाऊक होतं," हौसाबाई म्हणाली, "आम्हालाच नव्हतं."

हेडमास्तरांनी खिशातून वही काढली. "मलाही आत्ताच कळलं," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी भाकरी थापताना हौसाबाईनं थंड भात्याकडे बघत सगळं पहिल्यापासून सांगितलं. सायीपाशी आल्यावर तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग शेवटपर्यंत सांगून टाकलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा त्या बाकावर होती.

तात्पर्य: ज्ञान फुकट मिळू शकतं, पण 'मला कळलं नाही' एवढं म्हणण्याचं धाडस ज्याचं त्यालाच आणावं लागतं.