खादाड परी आणि सातवं घर

डोंगराच्या पायथ्याशी सात घरांची एक वाडी होती. इतकी चिमुकली, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की सगळ्या वाडीला शिंका यायच्या. सातव्या घरातून मात्र फोडणीचा वास येत नव्हता, की शिंक ऐकू येत नव्हती. तिन्हीसांजेला दिवासुद्धा लागत नव्हता.

त्या घरात सगुणा आणि तिचा बा राहायचे. सगुणा म्हणजे शेवग्याच्या शेंगेसारखी काटकुळी पोर. बा शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायचा. सगुणाची आई गेल्या थंडीत वारली आणि बाचं बोलणंच थांबलं. आईची वाकळ कोपऱ्यात घडी घालून ठेवली होती. तिला अजून आईचा वास यायचा, चुलीच्या धुराचा आणि ओव्याचा. तो वास उडून जाईल म्हणून बा दाराला कडी घालून आणि खिडकीत बोळे कोंबून अंधारात बसायचा. सगुणाला बाहेर जायचं तर दार बोटभर उघडून पालीसारखं सरपटायचं.

त्याच वाडीत एक रानमांजरी आली. अंगावर करडे पट्टे, एक कान फाटका, आणि स्वभाव असा की तिच्याकडे बघितलं तरी फिस्स! तिला तीन पिल्लं. एक दुधासारखं, एक राखेसारखं, आणि तिसरं राखेत दूध सांडल्यासारखं. तिघांचे डोळे घट्ट मिटलेले.

आता मांजर पिल्लांना सात घरं फिरवते तेव्हाच त्यांचे डोळे उघडतात, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर शाळेत तुम्हाला शिकवतात तरी काय? वाडीत घरं सात, पण दार उघडं फक्त सहांचं. बिचारी मांजरी पिल्लू तोंडात धरून सहा घरं फिरायची, सातव्या दारावर नखं घासायची, आणि पुन्हा पहिल्या घरी. पिल्लांचे डोळे काही उघडेनात.

"माझ्या दुधात तोंड घातलं मेलीनं!" पहिल्या घरातली गोजरआत्या कडाडली. "बाजाराच्या दिवशी सगळी जत्रा पोत्यात घालते आणि नदीपल्याड सोडते!"

नदीपल्याड कोल्हे होते. मिटल्या डोळ्यांच्या पिल्लांना पळता तरी कुठून येणार?

सगुणाला रडू फुटलं. घरामागे पेरूची बाग होती, धुक्यात बुडालेली, ओली, उदास. तिथल्या दगडावर ती रोज आपली अर्धी भाकरी मांजरीसाठी ठेवायची. भाकरी रोज संपायची, मांजरी मात्र रोज नव्यानं फिस्कारायची. म्हणून एका संध्याकाळी सगुणा झाडाआड लपली.

तर दगडावर कोण? अंगठ्याएवढी एक परी! चतुराचे असावेत तसे झिलमिल पंख, पारिजातकाच्या देठासारखा केशरी झगा, आणि दोन्ही गालांत भाकरी.

"परीताई, ती मांजरीची भाकरी आहे!"

परी दचकली. तिला ठसका लागला आणि पंखांतून चांदणचुरा भुरभुर सांडला. "अगं बाई! मला वाटलं, नैवेद्य आहे! आणि मांजर कोरडी भाकरी खाते, हे सांगितलं कुणी तुला, शहाणे?"

परीनं ओशाळून तोंड पुसलं.

"बरं, खाल्ल्या भाकरीला जागते मी. एक इच्छा माग. पण एकच हं! गेलेलं माणूस परत मागायचं नाही. आणि कुणाचं मन ओढून आणायचं नाही."

सगुणाच्या ओठांवर आलेली 'आई' तिथंच विरघळून गेली. मग ती हळूच म्हणाली, "मांजरी माझी होऊ दे."

"हे मन ओढणंच झालं की!"

"मग तुझ्या इच्छेचं करू काय? लोणचं घालू?"

परी खुदकन हसली. "घाल, मुरू दे. मांजरीचं तुझं तुलाच करावं लागेल. तिच्याकडे टक लावून बघू नकोस, तिला ते भांडण वाटतं. लांब बस. डोळे हळूच मीट, हळूच उघड. तिला सुक्या बोंबलाचं डोकं दे. भाकरी मला चालेल."

सगुणा धुक्यात बसू लागली. आपल्या ताटातली बोंबलाची डोकी मांजरीला, अर्धी भाकरी परीला, आणि स्वतःला काय? उरलेला तुकडा आणि पाणी. एकदा घाईनं हात पुढे केला तर मांजरीनं मनगटावर लालभडक रांगोळी काढली. सगुणानं हात मागे घेतला, रडली, आणि पुन्हा बसली. असं करता करता एका संध्याकाळी मांजरीनंही डोळे हळूच मिटले, हळूच उघडले.

पण बाजार उद्यावर आला होता. गोजरआत्या अंगणात पोतं झटकत होती.

त्याच सांजेला दारावर नखं घासली. फटीतून सगुणाला दिसली मांजरी, तोंडात दुधासारखं पिल्लू.

"बा, दार उघडू?"

बा उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या घशातून आवाज निघाला. "नको गं पोरी. वास जाईल. मग ती खरीच गेली."

सगुणानं बाकडे पाहिलं. एवढा मोठा बा, पण त्याचेही डोळे पिल्लांसारखेच मिटलेले.

"परीताई," ती अंधारात म्हणाली, "माझ्या बासाठी आईचा वास हरवू देऊ नकोस."

फटीतून केशरी ठिपका आत आला. "आणि मांजरी?"

"तिला दारच हवंय. ते मी उघडीन."

परीनं डोकं खाजवलं. "वास म्हणजे काही माणूस नव्हे. मनही नव्हे. बसतंय नियमात!" तिनं भाकरीचा शेवटचा कण गिळला आणि फुलबाजीसारखी फुलली. सोनेरी, हिरवा, जांभळा उजेड घरभर सांडला, भिंतींवर नाचला आणि विझला. परी गेली.

पण त्या उजेडात बानं सगुणाला पाहिलं. खपाटीला गेलेलं पोट आणि मनगटावरचे ओरखडे. बा दारापासून बाजूला झाला.

सगुणानं दार सताड उघडलं. वारा आला, धुकं आलं, आणि मांजरी आली. एकामागून एक तिन्ही पिल्लं तिनं आणली आणि नेमकी कुठं ठेवली? आईच्या वाकळीवर.

सकाळी गोजरआत्या पोतं घेऊन हजर. "कुठायत ती चोरटी?"

बा उघड्या दारात उभा होता. "आत्या, पोतं द्या इकडं. पिल्लांखाली घालायला बरं पडेल."

मुका बोलला म्हणून आत्या अशी गडबडली, की पोतं तर दिलंच, वर वाटीभर दूधही देऊन बसली!

बानं हळूच वाकळ उचलून नाकाशी धरली. वास नव्हता. तो मटकन खाली बसला. तेवढ्यात राखेसारखं पिल्लू धडपडत त्याच्या पायावर चढलं. त्याचे निळे डोळे टक्क उघडले होते. बाजूला ठेवायला म्हणून बानं ते उचललं, आणि त्याचा हात थांबला. त्यानं पिल्लाच्या मानेत नाक खुपसलं.

चुलीचा धूर आणि ओवा.

"सगुणे," तो म्हणाला, "ये, हुंगून बघ."

त्या दिवसापासून आईचा वास कोपऱ्यात बसून राहिला नाही. बारा इवल्या पायांनी तो घरभर हुंदडायचा, केरसुण्यांची पानं विस्कटायचा, आणि दुपारी दमला की बाच्या मांडीवर येऊन झोपायचा.