शिखराआधीचा सत्कार

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, गावांना वेशी असायच्या त्या काळी, एका बर्फाळ पर्वताच्या पायथ्याशी एक पेठ वसली होती. आठवड्याचा बाजार उठला की पेठ दोन दिवस बंद असे. त्या दोन दिवसांत लोक झोपत, जेवत आणि दुसऱ्यांच्या घरचं बोलत.

एकदा पेठेतल्या सोनाराने ठरवलं, या सुट्टीत पर्वताचं शिखर गाठायचं. त्याचा जिवलग मित्र हलवाई लगेच तयार झाला. सोनाराची नवी नवरीही निघाली. ती अबोल होती, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

निघायच्या सकाळी सगळी पेठ वेशीत जमली. महाजन म्हणाले, "तुम्ही परत याल तेव्हा आम्ही दुकानांत अडकलेले असू. सत्कार आत्ताच उरकून घेऊ."

आणि खरोखरच उरकला. हार घातले, ओवाळलं, दोघा मित्रांना जरीचे फेटे बांधले. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "ही बरं का आमची सून!" लग्नानंतर पहिल्यांदाच त्या असं कौतुकानं बोलल्या होत्या. नवरीला आपण वीतभर उंच झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं कमरेला एकच दोर बांधून बर्फ चढू लागले. पुढे सोनार, मध्ये नवरी, मागे हलवाई. वारा असा की हलवायाचा फेटा सारखा सुटे. दर वेळी तो लोकरीचे हातमोजे काढी आणि उघड्या बोटांनी फेटा पुन्हा बांधी.

"भाऊजी, ठेवा ना तो पिशवीत," नवरी म्हणाली.

"वा वहिनी! शिखरावर बोडक्यानं जाऊ? वर कुणी ओळखीचं भेटलं तर?"

ती हसली. पुढे विसाव्याला बसले, तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं. हलवायाच्या हातातला लाडू बर्फावर पडला, आणि त्याला ते कळलंच नाही. तो रिकामीच चिमूट तोंडाकडे नेत होता. त्याची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. याच बोटांनी तो पाकाची तार जोखायचा. याच बोटांवर त्याचं घर चालायचं.

त्याने तिची नजर ओळखली. हळूच म्हणाला, "त्याला सांगू नका. माझ्यामुळे मागं फिरलो, तर पेठेत तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात वरून सोनाराने विचारलं, "काय गं, ठीक आहे ना सगळं? की फिरू या मागं?"

खरं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला वेस आठवली, हार आठवले, सासूबाईंचा फुललेला चेहरा आठवला.

"चला की," ती म्हणाली. "थोडंच तर राहिलंय."

थोडं राहिलं नव्हतं. दुपारी धुकं उतरलं, पुढचं पाऊल दिसेना. शिखर न पाहताच तिघं मागं फिरले.

ते पेठेत शिरले तेव्हा दुकानं उघडली होती. एका वाण्याने तराजूवरून मान वर केली, "आलात का? बरं झालं," असं म्हणाला आणि पुन्हा डाळ तोलू लागला. शिखराचं कुणी विचारलंसुद्धा नाही.

वैद्यांनी शर्थ केली, पण हलवायाच्या उजव्या हाताची बोटं वाचली नाहीत.

काही दिवसांनी नवरी त्याच्या घरी गेली. हलवायाची बायको त्याला भात भरवत होती.

"बघा वहिनी," तो म्हणाला, "बोटं गेली तेव्हा कुठे हिने घास भरवला!"

बायको हसली नाही. नवरीही हसली नाही. ती खाली बघत म्हणाली, "ताई, बोटं पांढरी पडलेली मी पाहिली होती. मागं फिरा म्हणायचं, तर मी चला म्हणाले."

बायकोचा हात थबकला. नवरीला वाटलं, आता ही चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. पण तिने दुसरं ताट घेतलं, भात वाढला आणि एवढंच म्हणाली, "बसा. जेवून जा."

नवरी बसली. आपल्या धडधाकट बोटांनी ती भात कालवू लागली.

मुलांनो आणि थोरांनो, लोक काय म्हणतील या लाजेपायी जो बोलायच्या वेळी खरं दडवतो, त्याला पुढे स्वतःचीच लाज वाटत राहते.